सात-बारा नंदुरबारचा, जामीन सुरतेचा

डिंडोलीत गुन्ह्यांची चौकशी करत फिरलं की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी पलीकडच्या गल्लीकडे बोट दाखवतं. शिरपूर-शहाद्याकडून येऊन इथे दोन पिढ्या रुजलेला खानदेशी माणूस म्हणतो, ‘‘आपल्या सोसायटीत तसं काही नाही, पलीकडे भैयांच्या खोल्या आहेत, तिकडे विचारा.’’ उत्तर प्रदेशचा माणूस लूमवर काम करणाऱ्या ओडियांकडे बोट करतो. ओडिया कारागीर म्हणतो, आम्ही बारा-बारा तास मशीनवर उभे असतो, चोरी करायला वेळ कुठे आहे? आणि तापीकाठच्या जुन्या सुरतेत, नानपुरा-गोपीपुऱ्यात, हाच प्रश्न विचारला तर उत्तर एका शब्दात मिळतं : परप्रांतीय. त्या शब्दात ओडिया येतो, भैया येतो आणि आमचा खानदेशी पाटीलही येतो. मुंबईत हाच शब्द आपण मराठी माणसं कोणासाठी वापरतो, ते सांगायला नको.

‘नव्या वाटांचं शिक्षण’ हा या अंकाचा विषय ठरला, तेव्हा संपादकांनी मला गुन्हेशास्त्र सुचवलं. या विषयाची दोन मोठी विद्यापीठं गांधीनगरच्या परिसरात आहेत. तिथली माहितीपत्रकं गुळगुळीत असतात; त्यात पांढरे कोट, सूक्ष्मदर्शकं आणि संचलन करणारी मुलं दिसतात. मी तिकडे न जाता डिंडोली गाठली. ओळखीतल्या एका कुटुंबातली मुलगी गांधीनगरला गुन्हेशास्त्रात एमए करते आणि तिचं घर डिंडोलीत आहे. ती सुटीत घरी आली होती. तिला तिचंच गाव दाखव म्हटलं, तर ती हसून म्हणाली, ‘‘गाव शहाद्याजवळ आहे. ही माझी फील्ड आहे.’’

खाकीची धाव

सुरतेच्या आग्नेय अंगाला, उधन्याच्या पुढे आणि लिंबायतला लागून डिंडोली पसरली आहे. उधन्याहून नंदुरबार-जळगावकडे जाणारा लोहमार्ग जवळूनच जातो. त्याच मार्गाने खानदेश इथे आला, पहिल्यांदा गिरण्यांत आणि लूमवर, मग रंगाई-छपाईच्या कारखान्यांत, मग रिक्षा, किराणा, बांधकामात. श्रावणात कानबाईचे रोट इथे धुळ्यासारखेच थाटात होतात. दुकानांच्या पाट्या गुजरातीत आहेत, पण आतला हिशोब कित्येकदा अहिराणीत चालतो.

पहाटे मोकळ्या जागेवर मुलं-मुली धावताना दिसतात. हे सगळे ‘लोकरक्षक’च्या तयारीतले. गुजरातेत पोलीस शिपायाच्या भरतीला लोकरक्षक म्हणतात. मुलांना पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत आणि मुलींना सोळाशे मीटर साडेनऊ मिनिटांत काढायचे असतात. कुणाच्या तरी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलेलं असतं. कडेला उभे असलेले काका आकडा ओरडून सांगतात आणि शेवटच्या फेरीला पोरं दात-ओठ खातात. या भागाला खाकीचं आकर्षण का, याचं एक उत्तर समोरच्या फलकांवर असतं. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील तरुणपणी सुरतेत पोलीस शिपाई होते. पुढे खासदार झाले, आता केंद्रात मंत्री आहेत. पण खरं उत्तर साधं आहे. गिरणीत पगाराला पुरावा नाही आणि खाकीत पेन्शनची आशा आहे.

धावणाऱ्यांत शहाद्याकडच्या भिल्ल कुटुंबातला एक मुलगा होता. त्याचा जन्म सुरतेचा, शाळा सुरतेची. अनुसूचित जमातीची सवलत मात्र त्याला गुजरातेत मिळत नाही, कारण वडिलांचं मूळ महाराष्ट्राचं. 1990 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मारी चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात स्पष्ट केलं, की जात-जमातीची यादी त्या-त्या राज्यापुरती असते. माणूस राज्य ओलांडून गेला की ती सवलत त्याच्याबरोबर जात नाही. म्हणून हा मुलगा खुल्या गटात धावतो. त्याला निकालाचं नाव माहीत नव्हतं, परिणाम तंतोतंत माहीत होता.

आमच्या विद्यार्थिनीच्या घरीही पहिली अपेक्षा खाकीचीच होती. वडील पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये, आई घरी साड्यांचं धागाकटिंग करते. त्यांना मुलीने ‘क्रिमिनॉलॉजी’ सांगितलं, तेव्हा आजीने विचारलं, ‘‘हाई काय शिक्षण शे?’’ वडिलांनी उत्तर दिलं : ‘‘पोलिसाचं.’’ मुलीने त्यांना दुरुस्त केलं नाही. फी भरून होईपर्यंत नकोच म्हटलं, असं ती मला नंतर म्हणाली.

कोणी केलं, आणि का झालं

गुजरातने या क्षेत्रात मोठी गुंतवणूक केली आहे, हे मान्य करायला हवं. गांधीनगर जिल्ह्यात दहेगामजवळ लवाड इथे असलेलं रक्षाशक्ती विद्यापीठ आधी राज्याचं होतं. 2020 मध्ये संसदेच्या कायद्याने ते राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ झालं. त्याच वर्षी गुजरातचं न्यायवैद्यक विद्यापीठही राष्ट्रीय झालं आणि दिल्लीची 1972 पासूनची गुन्हेशास्त्र व न्यायवैद्यक संस्था त्यात सामील झाली. मुलांचा ओढा कुठे आहे, ते उघड आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणं बंधनकारक होत आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे नोकऱ्या निघणार. डीएनए, बोटांचे ठसे, मोबाइलमधून पुसलेला डेटा परत काढणं, ही कामं पोरांना दिसतात आणि पालकांनाही समजावून सांगता येतात.

पण ही प्रयोगशाळा ‘कोणी केलं’ या प्रश्नाचं उत्तर देते. गुन्हेशास्त्र विचारतं ते वेगळं : इथेच का झालं, याला गुन्हा कोणी ठरवलं, पकडलेल्याचं पुढे काय झालं आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्या हाती काय लागलं. माझं मत असं, की आपल्याकडे पहिल्या प्रश्नाने बाकीचे चार गिळून टाकले आहेत. टीव्हीवरच्या मालिकांनी त्याला हातभार लावलाच.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने उलट टोक धरून ठेवलं. 1936 साली समाजकार्याची शाळा म्हणून निघालेल्या या संस्थेत गुन्हेगारी आणि सुधारसेवा हा विषय पन्नाशीच्या दशकापासून समाजकार्याचा भाग म्हणून शिकवला गेला. तिथला विद्यार्थी आठवड्यातले ठरलेले दिवस तुरुंगात, पोलीस ठाण्यात, बालगृहात जातो. 1990 मध्ये याच विषयाच्या विभागातून ‘प्रयास’ हा प्रकल्प निघाला. पोलीस कोठडीतल्या आणि तुरुंगातल्या माणसांना वकील मिळवून देणं, घरी निरोप पोचवणं, सुटल्यावर काम शोधून देणं, असं त्याचं काम. मुंबई-ठाण्याबरोबर तो गुजरातेत भडोचलाही पोचला आहे, म्हणजे सुरतेच्या शेजारीच. आमच्या विद्यार्थिनीला गांधीनगरच्या वर्गात हे नाव प्रथम कळलं आणि तिने ठरवलं, की प्रबंध तुरुंगाच्या बाजूने करायचा.

शिकागोचे नकाशे

ती मला घेऊन फिरली तेव्हा हातात वही होती आणि डोक्यात शिकागो. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोघांनी शिकागोच्या बाल न्यायालयाच्या नोंदी घेतल्या. प्रत्येक मुलाच्या घरच्या पत्त्यावर नकाशात ठिपका दिला आणि अनेक दशकांचे नकाशे शेजारी ठेवले. कारखान्यांना लागून असलेल्या मोडक्या भाड्याच्या वस्त्यांत ठिपके दाट होते. तिथे आधी जर्मन आणि आयरिश राहत, मग ते बाहेर पडले, इटालियन आणि पोलिश आले. ठिपके तिथेच राहिले. चांगल्या वस्तीत सरकलेल्यांच्या मुलांचे ठिपके मात्र विरळ झाले. 1942 साली हे पुस्तकरूपाने आलं. आज त्यातल्या पद्धतीवर पुष्कळ टीका होते आणि ती रास्तही आहे, कारण त्या नकाशावर पकडला गेलेलाच दिसतो. तरी ‘अमुक लोकच तसले’ या समजुतीला त्याने दिलेला धक्का अजून ताजा आहे. डिंडोलीत तर जास्तच.

वहीत तिने काय लिहिलं होतं? कुठल्या गल्लीत दिवे चालू, कुठे बंद. कुठे दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं. कुठल्या खोलीत किती माणसं आणि कुठल्या पाळीची. लूम कामगारांच्या खोल्या दोन पाळ्यांत वापरल्या जातात. रात्रपाळीवाला येऊन त्याच गादीवर झोपतो, जिच्यावरून दिवसपाळीवाला नुकताच उठला. बाहेरच्याला वाटतं, खोलीत सतत माणूस आहे म्हणजे चोरीची भीती नाही. प्रत्यक्षात उलट घडतं. दार उघडं असतं, कारण उकाडा. मोबाइल चार्जिंगला लावून दाराजवळच्या सॉकेटला लटकलेला असतो, कारण खोलीत सॉकेट एकच. आणि आतला माणूस बारा तास उभा राहून आलेला, ढोल वाजवला तरी उठणार नाही असा. ये-जा इतक्या अनोळखी लोकांची, की कुणी आत डोकावलं तर शेजाऱ्याला शंका येत नाही.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी 1979 मध्ये मांडलेला सिद्धांत तिने मला याच दारात उभं राहून सांगितला. गुन्हा करायला तयार माणूस, हाताला लागेल अशी वस्तू आणि राखणदाराचा अभाव, या तीन गोष्टी एका वेळी एका जागी आल्या की गुन्हा घडतो. उपाय काय? पोलीस वाढवा, हे सगळे म्हणतात. ती म्हणाली, ‘‘खोलीच्या आतल्या भिंतीवर अजून दोन सॉकेट. घरमालकाला तीनशे रुपये खर्च.’’ मला हे उत्तर फार आवडलं. त्यावर भाषण होऊ शकत नाही आणि फीतही कापता येत नाही.

नकाशा काढताना एक पथ्य ती पाळते. सोसायटीची नावं आणि घर क्रमांक ती वहीत लिहीत नाही, खुणा वापरते. कारण वस्तीवर शिक्का बसायला वेळ लागत नाही आणि निघायला पिढ्या लागतात. मराठी वाचकाला यासाठी शिकागोला जायची गरज नाही. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. सोलापूरकर त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात आणि तिथला पत्ता सांगताना पारधी, कैकाडी मुलगा आजही क्षणभर थांबतो.

आकडा कसा घडतो

एमएच्या पहिल्या सत्रात आकड्यांवर अविश्वास शिकवतात, असं ती म्हणाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आकडे काढतो आणि वर्तमानपत्रं त्यावरून शहरांची क्रमवारी लावतात. त्यात एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. घरफोडी करताना खून झाला, की खुनाच्या रकान्यात एक वाढतो आणि घरफोडी रकान्यातून नाहीशी होते. हा नियम विभाग स्वतःच छापतो. वाचत कुणी नाही.

डिंडोलीत दुसरा धडा मिळाला. फोन गेला की माणूस ठाण्यात जातो, आणि पूर्वी बहुतेकदा ‘हरवला’ असा अर्ज देऊन परत येई. जुलै 2022 मध्ये गुजरातने वाहन आणि मोबाइल चोरीसाठी ई-एफआयआर सुरू केली. घरबसल्या तक्रार टाकता येऊ लागली. समजा, यानंतर एखाद्या ठाण्याचा चोरीचा आकडा चढला. चोऱ्या वाढल्या की नोंदी? ठाणे अंमलदाराला वरून आकड्यावर बोलणी बसतात, म्हणून तक्रार न घेण्याचा मोह त्याला होतो. प्रामाणिकपणे नोंद करणारं ठाणं कागदावर बदनाम दिसतं.

आणि मुळात गुन्हा म्हणजे काय, हा धडा खानदेशी माणूस गाडीतच शिकतो. नवापूर स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत आहे. तिकीट खिडकी एका राज्यात, स्टेशनमास्तरची खोली दुसऱ्यात. एका टोकाला दारूची बाटली विकत घेता येते, दुसऱ्या टोकाला ती पिशवीत सापडली तर अटक होते. गंमत अशी, की दोन्हीकडचा कायदा मूळचा एकच : 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. 1960 साली राज्य दुभंगलं आणि कायद्याचीही दोन रूपं झाली. महाराष्ट्राने परवान्याची खिडकी रुंद करत नेली, गुजरातने ती जवळजवळ बंद ठेवली. पिणारा माणूस तोच, बाटली तीच. सुरतेच्या गुन्ह्यांचे आकडे नाशिकशी ताडून पाहणाऱ्याने दारूबंदीच्या नोंदी आधी बाजूला काढाव्यात.

उठमणं

सुरतेच्या कापड बाजारात एक गुन्हा आहे, ज्याला बाजारात कुणी गुन्हा म्हणत नाही, ‘उठमणं’ म्हणतात. रिंग रोडच्या मार्केटमध्ये दुकान भाड्याने घेतलं जातं. सुरुवातीला दोन-चार वेळा माल घेऊन वेळेवर पैसे दिले जातात. दलाल खूश होतो, तो इतर विणकरांना सांगतो की पार्टी चांगली आहे. मग साठ-नव्वद दिवसांच्या उधारीवर मोठा माल उचलला जातो, तो पडत्या भावाने विकला जातो आणि एका सकाळी शटर बंद, फोन बंद. ज्याची रक्कम बुडते तो बहुधा लहान लूमवाला असतो. त्याने सूतवाल्याचे पैसे थकवलेले असतात, कारागिरांचा पगार थांबतो आणि हे पाणी उतरत-उतरत डिंडोलीतल्या खोलीच्या भाड्यापर्यंत येतं.

लूमवाला ठाण्यात गेला की पहिल्यांदा ऐकतो, ‘हे दिवाणी प्रकरण आहे.’ कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. फसवणूक सिद्ध करायची तर माल घेतानाच पैसे न देण्याचा इरादा होता, हे दाखवावं लागतं. नुसती उधारी थकली म्हणजे फसवणूक नव्हे. इरादा दाखवायला वह्या, बिलं, दलालाची साक्ष, बँकेचे उतारे हवेत. फोन पळवणाऱ्या पोराच्या बाबतीत असला प्रश्नच उद्भवत नाही. तो पळताना दिसला, झालं.

एडविन सदरलँडने 1939 च्या अध्यक्षीय भाषणात अमेरिकन समाजशास्त्रज्ञांना हेच सुनावलं होतं : प्रतिष्ठितांचे गुन्हे मोजतच नाही आणि मग गुन्हा गरिबीतून येतो म्हणता. 1949 मध्ये त्याचं पुस्तक निघालं, तेव्हा दाव्यांच्या भीतीने त्यातली कंपन्यांची नावं काढावी लागली. ती परत छापायला 1983 उजाडलं. माझ्या मते सुरतेत गुन्हेशास्त्राचा पहिला मोठा प्रबंध उठमण्यावर व्हायला हवा. साहित्य ढिगाने आहे आणि दलालांना सगळं ठाऊक असतं.

जामीनदार

तिच्या प्रबंधाचा विषय याहून लहान आणि कोरडा वाटेल असा आहे : जामीन मिळूनही सुटका का लांबते. अठवालाइन्सच्या न्यायालयात खानदेशी अशिलांची कामं करणाऱ्या एका वकिलांनी मला तो समजावला.

मुलगा चोरीच्या आरोपात पकडला जातो. काही दिवसांनी न्यायाधीश जामीन देतात, रक्कम समजा पंधरा हजार, आणि तेवढ्याचा एक जामीनदार. आता जामीनदार कोण होणार? डिंडोलीतला मामा भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्या नावावर वीजबिलही नाही. गावाकडे काकाची चार एकर जमीन आहे, सात-बारा कोरा आहे. काका रात्रीच्या गाडीने उतारा घेऊन येतो. इथल्या कारकुनाला तो उतारा मराठीत दिसतो. सात-बारा गुजरातेतही असतो, नावही तेच, पण हा नंदुरबारचा. त्याची खातरजमा कोण करणार? तिकडच्या तहसीलदाराकडून पतदाखला आणा. काका परत जातो. तलाठी प्रशिक्षणाला गेलेला असतो. इकडे मुलगा लाजपोरच्या मध्यवर्ती तुरुंगात. ‘‘तोपर्यंत कोर्टाच्या आवारात धंदेवाईक जामीनदार भेटतो,’’ वकील म्हणाले, ‘‘तो पैसे घेऊन उभा राहतो. जो कायदा पाळायचा म्हणून गावाला गेला, तो आत राहतो.’’

हे नवं नाही. 1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मध्य प्रदेशातल्या दंडाधिकाऱ्याने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाचा जामीन नाकारला होता, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक ताशेरे ओढले : जिल्हा वेगळा म्हणून जामीनदार नाकारता येणार नाही. जानेवारी 2023 मध्ये त्याच न्यायालयाने आणखी सांगितलं, की जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. प्राधिकरणाने मग त्याच्या परिस्थितीचा अहवाल करावा आणि अटी सैल करण्याची विनंती न्यायालयाला करावी.

2022 अखेरच्या तुरुंग आकडेवारीत देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांतले तीन. त्यातल्या किती जणांच्या हातात जामिनाचा आदेश आहे आणि जामीनदार नाही, हे तिला एका तुरुंगापुरतं शोधायचं आहे. कैद्याचं मूळ गाव, जमीन कुणाच्या नावावर, नातेवाईक किती वेळा आले, कुठला कागद अडला, असे प्रश्न तिने गुजराती, हिंदी, मराठी आणि अहिराणीत तयार केले आहेत. अहिराणीची प्रत विद्यापीठाच्या मार्गदर्शकांना वाचता येत नाही. त्यांनी ती ठेवू दिली, हे त्यांचं मोठेपण.

पदवीनंतर काय, हे विचारल्यावर तिने बोटं मोजली. 1958 च्या परिवीक्षा कायद्याखालचा परिवीक्षा अधिकारी, बाल संरक्षण कक्षातली कंत्राटी जागा, विधी सेवा प्राधिकरणात मानधन, एखाद्या स्वयंसेवी संस्थेचा दोन वर्षांचा प्रकल्प, नाहीतर बँकेत गैरव्यवहार तपासणीचा विभाग. शेवटच्यात पगार चांगला. कायम सरकारी जागा क्वचित निघतात. नव्या फौजदारी कायद्यांनी किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा आणली. ती कुणी करून घ्यायची, हजेरी कुणी मांडायची, यासाठी तरी माणसं लागतील, असा तिचा हिशोब आहे. वडिलांनी मात्र लोकरक्षकचा फॉर्म भरायला लावला आहेच. सकाळी ती धावते, तिची वेळ अजून साडेनऊ मिनिटांच्या वर आहे. दुपारी लाजपोरला प्रवेशाची परवानगी मागणारा अर्ज तिने माझ्यादेखत तिसऱ्यांदा लिहिला, कारण आधीच्या दोन्ही वेळा तो ‘योग्य मार्गाने’ आलेला नाही म्हणून परत आला होता. योग्य मार्ग म्हणजे विभागप्रमुख, कुलसचिव, तुरुंग महानिरीक्षक आणि मग अधीक्षक. कुलसचिवांची सही दिवाळीनंतर मिळेल.